काळे पट्टे नकोत

माझे सासरे फोटोग्राफर. त्यांचं खरं नाव विचारत आलात तर आमच्या गल्लीत कुणी घर दाखवणार नाही, पण हनुवटीकाका म्हटलंत की थेट दारापर्यंत आणून सोडतील. स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी आयुष्यभर एकच वाक्य ऐकवलं, "हनुवटी जरा खाली." मग तो नवरदेव असो, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेला उमेदवार असो, की रडून लाल झालेलं पोर. मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा चहाचा कप हातात देता देता ते मलाही तेच म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, काय माणूस आहे, आल्या आल्या मान खाली घालायला सांगतोय! खिडकीतला उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता, हे मला नंतर कळलं.

खाली स्टुडिओ, वर घर. समोरचा कॅमेरा बाबांचा आणि मागची खोली आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरणं आणि कडा कापणं ही त्यांची कामं. बाबा पेन्सिलीने कडेला खूण करायचे, आई कटरवर फोटो ठेवून बरोबर त्या खुणेवर पातं खाली आणायच्या.

बाहेर, उघड्यावर फोटो काढायचा तर ऊन फोटोग्राफरच्या पाठीशी हवं, हा बाबांचा नियम. नियम चांगला, पण सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हात त्यांची स्वतःची सावली लांब होऊन फोटोत खालून शिरायची. धंद्यात ही चूक समजतात. मग बाबा तिथे खूण करायचे आणि थोड्या वेळाने मागच्या खोलीतून आवाज यायचा, "अहो, आज परत तुम्हाला कापलं बरं का."

"काप, काप. गिऱ्हाईक काही माझा फोटो काढायला येत नाही."

घरचे फोटो काढतानाही तेच. आई पोराला कडेवर घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तुम्ही पण या ना इकडे." बाबांचं उत्तर ठरलेलं. "मग काढणार कोण?" हा संवाद मी स्वतः इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्याचा परिणाम असा की आमच्या घरात पेट्या भरून फोटो आहेत आणि बाबा कशातच नाहीत. एक लग्नातला आहे. त्यातही ते इतके कोवळे आहेत की ओळखू येत नाहीत, आणि आईंकडे बघायचं सोडून समोरच्या फोटोग्राफरच्या कामाकडे संशयाने बघताहेत.

स्टुडिओ बंद झाला, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. बाबांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. दुःख पुढे यायचं होतं. आईंना एका सकाळी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

घरी बोलायला शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. शांत, समंजस बाई. त्या म्हणाल्या, "ओळखीचे चेहरे दाखवा, घाई करू नका, शब्द आतच आहेत, त्यांना वाट सापडत नाहीये." आणि खरंच एकेक शब्द परत येऊ लागला. पहिला आला तो "नको". आमच्या घरात त्याच शब्दाची सगळ्यात जास्त गरज होती म्हणा. मग माझ्या नवऱ्याला "बाळ" म्हणाल्या. मग एक दिवस मला "पोरी". मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाबांना मात्र काहीच नाही. वास्तविक सगळं तेच करायचे. भरवणं, तोंड पुसणं, केस विंचरणं. आई मुकाट्याने घास घ्यायच्या आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवर लावलेल्या घरच्या फोटोंकडे बघायच्या. शिकवणाऱ्या बाई बाबांकडे बोट करून विचारायच्या, "हे कोण?" आईंचे ओठ हलायचे, काहीतरी जमवायचा प्रयत्न व्हायचा, मग त्या दमून डोळे मिटायच्या. बाबा हसून म्हणायचे, "राहू द्या, आज थकलीये."

एकदा ते माझ्या नवऱ्याला विचारताना मी ऐकलं. "ती मला ओळखते का रे?"

"बाबा, ओळखते हो. असं काय करता?"

"मग हाक का नाही मारत?"

नवरा औषधाच्या गोळ्या पुन्हा मोजायला लागला.

त्यानंतर बाबा हात धुऊन आईंच्या खोलीतल्या टीव्हीच्या मागे लागले. पेट्यांमधल्या जुन्या चौकोनी निगेटिव्ह बाहेर आल्या, स्कॅनर आला, आणि पलंगासमोरच्या त्या टीव्हीवर एकामागून एक फोटोंची माळ सुरू करायची ठरली. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण हनुवटीकाका ते! पहिल्यांदा कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केले, तर मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे विरघळल्यासारखे दिसायला लागले. मग सगळे पुन्हा, थेट सगळ्यात जास्तीवर. आता फाइली इतक्या जड झाल्या की टीव्हीवर नुसतं चाक गरगरत राहायचं, आणि फोटो उमटेपर्यंत आईंचा डोळा लागलेला असायचा. शेवटी त्यांना उमगलं की पडदा जेवढ्या ठिपक्यांचा, फोटोही तेवढ्याच ठिपक्यांचा ठेवावा. कमी नको, जास्त नको. हे त्यांनी मला असं समजावून सांगितलं की जणू भाजीत मीठ किती घालायचं ते मला आजवर माहीतच नव्हतं.

मग रंग. टीव्ही घेतला तेव्हापासून तो 'व्हिव्हिड'वर होता. त्यात माझी नणंद टोमॅटोसारखी दिसत होती. ते बंद केलं. ब्राइटनेस उतरवला, कारण आईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एक फोटो जाऊन दुसरा येताना पानं उलटणं, चांदण्या पडणं असले प्रकार होते, तेही काढून टाकले. "फोटो आहे तो, त्याने उड्या कशाला मारायच्या?" आईंची नजर हळू फिरते म्हणून प्रत्येक फोटो जास्त वेळ ठेवला. हे सगळं ते खुर्चीत बसून नाही ठरवायचे. आडव्या माणसाला पडदा वेगळा दिसतो, म्हणून ते आईंच्या उशीवर त्यांच्या डोक्याला डोकं लावून पडायचे आणि तिथून मला फर्मान सोडायचे, "एक घर खाली. अजून एक. बास." आई छताकडे बघत असायच्या. त्या दोघांना तसं पडलेलं बघितलं की माझा सगळा वैताग विरून जायचा.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. फोटो चौकोनी, पडदा आडवा. पूर्ण फोटो दाखवला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत होते. बाबांनी पडदा भरून टाकणारं सेटिंग लावलं. पट्टे गेले, पण प्रत्येक फोटोचा वरचा आणि खालचा भागही गेला.

"बाबा, सगळ्यांचे पाय कापले जाताहेत."

"पायांनी कोण ओळखतं? चेहरे मोठे दिसताहेत ना?"

"पण पट्ट्यांनी काय बिघडतं?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "माणूस गेला की लोक माझ्याकडे फोटो मोठा करून घ्यायला यायचे. म्हणायचे, कडेने काळं द्या. आयुष्यभर ते काळं मी दिलंय. हिला मी काळ्यात बघणार नाही."

पट्टे गेले ते गेलेच.

फोटोंची माळ सुरू झाली आणि आईंना आवडलीही. नणंद दिसली की हसायच्या, स्वतःचे वेणीतले फोटो बघून "नको" म्हणायच्या. पण एका फोटोशी घोडं अडायचं. तळ्याकाठचं मोकळं मैदान, आई उभ्या, कडेवर माझा नवरा, वय असेल दीडेक वर्षाचं, तोंडात मूठ. हा फोटो आला की आईंचा चांगला हात उठायचा आणि टीव्हीच्या खाली बोट दाखवायचा. तोंडाने नुसतं "अ... अ..." फोटो गेला की हात पडायचा आणि चेहरा हिरमुसायचा.

टीव्हीखाली छोटं टेबल होतं. त्यावरचं पाणी दिलं, "नको". रुमाल दिला, "नको". नवऱ्याने टेबलच हलवलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पडदा उंच वाटत असेल. बाबांनी भिंतीला नवी भोकं पाडून टीव्ही खाली आणला. तरी बोट खालीच. बाबांना वाटलं खालचा भाग अंधारा दिसतोय, म्हणून ते पुन्हा ब्राइटनेसशी झटापट करत बसले. आई आता चिडायला लागल्या होत्या, आणि बाबा दर वेळी जरा जास्त म्हातारे दिसत होते.

त्या दुपारी मी आईंच्या पायांना तेल लावत होते. तो फोटो आला. बोट उठलं. मी वळून नीट बघितलं. आईंचे पाय गुडघ्याखाली कापलेले होते.

"बाबा, या फोटोत खाली काय आहे?"

"काही नाही. गवत."

"नुसतं गवत?"

"गवत आणि माझी चूक." ते खुर्चीत चष्मा पुसत होते. "सावली आलीये त्यात माझी. रविवारची सकाळ होती, ऊन कलतं. कागदावर छापल्यावर कापला होता तो फोटो, निगेटिव्हमध्ये तशीच राहिली."

"कापला कुणी होता?"

"हिनेच. दुसरं कोण कापणार?"

एवढं बोलूनही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडणार कसा? त्यांच्या लेखी तिथे एक चूक होती, माणूस नव्हता. मी तेलकट हातानेच रिमोट उचलला.

"अगं, तेल लागेल. आणि पट्टे येतील."

"येऊ देत."

"पट्टे नकोत म्हटलं ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांचं ऐकलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'मूळ आकार'वर बोट दाबलं. दोन्ही बाजूंना काळं आलं, मधला फोटो लहान झाला आणि वरून-खालून वाढला. वर आभाळ आलं. खाली आईंचे अनवाणी पाय आले, गवत आलं, आणि त्या गवतावर लांबच लांब पडलेली एक माणसाची सावली आली. दोन्ही कोपरं बाहेर, कॅमेरा पोटाशी. तेव्हाच्या त्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायला लागायचं, त्यामुळे मान खाली झुकलेली. सावलीचं डोकं बरोबर आईंच्या पावलांपाशी टेकलं होतं.

आईंचा हात हवेतच थांबला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी तेलाची वाटी घट्ट धरून बसले होते.

"अ... अहो," आई म्हणाल्या.

बाबांच्या हातातला चष्मा मांडीवर पडला. आईंचं बोट सावलीवर होतं. ते सावकाश वळलं, खोलीतून फिरत आलं आणि खुर्चीतल्या बाबांवर येऊन थांबलं.

"अहो."

इतके महिने त्या त्यांच्या खांद्यावरून पलीकडे का बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं. पलीकडे आधी भिंतीवरचे फोटो होते, मग टीव्हीवरचे. त्या फोटोंमध्ये त्या बाबांना शोधत होत्या, आणि ते कुठे असतात हे एकट्या त्यांनाच माहीत होतं.

बाबा उठले. रडत होते, पण लपवत नव्हते. आईंनी तो हात पलंगाच्या कडेवर ठेवला आणि हळूच थोपटला. चेहऱ्यावर सगळी ताकद आणून त्यांनी शोधलं, आणि त्यांना सापडलं.

"या... ना."

बाबांचं तोंड उघडलं. विचार करून नाही, केवळ वर्षानुवर्षांच्या सवयीने ते म्हणाले, "मग काढणार कोण?"

"मी," मी म्हटलं, आणि ओढणीला हात पुसून मोबाइल काढला.

ते बसले. आईंनी डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. खिडकीचा उजेड कुठून येतोय तेही बाबांनी बघितलं नाही. हनुवटी जरा खाली, असं म्हणायची फार इच्छा झाली होती, पण दोघांच्याही आधीच खाली होत्या.

फोटो वाकडा आला. वर जागा जास्त सुटलीये, खाली तेलाची वाटी आलीये. बाबांनी तो टीव्हीवर बघितला, बराच वेळ बघितला. मी विचारलं, "कडा कापून देऊ का?"

"नको," ते म्हणाले. "आहे तसा राहू दे."

पट्टेही तसेच आहेत.