बिराजदार सरांचा चोरलेला दिवस

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या मित्रांना माझ्या सगळ्या भानगडी तिखटमीठ लावून ऐकवतो, त्यांनाही नाही. मी बोलका माणूस — विमा विकतो, हौशी नाटकांत कामं करतो, लग्नाच्या पंगतीत मला बसवलंत तर शेजारचे चार जण जेवण विसरतात. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही. ऐका आता. हसू आलं तर हसा. मलाही बरेच दिवस येत होतं.

मला बिराजदार सर आवडत नसत. छे — हे फारच सभ्य झालं. मला त्या माणसाला पाहिलं की डोक्यात तिडीक जायची. नववीत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. एकदा मी नकाशात भीमा नदी पंढरपुराकडून पुण्याकडे नेली. बाण उलटा काढला, एवढंच. सरांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "पंप बसवलास का रे?" शाळा सुटेपर्यंत माझं नाव पंप होतं. एवढ्याशा गोष्टीचा राग कुणी पन्नाशीपर्यंत धरतं का? मी धरला. जपून ठेवला. अधूनमधून काढून उन्हात वाळवला.

आणि नशीब बघा — जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तर दोन बिल्डिंगा सोडून सर! काचबिंदूनं त्यांची नजर जवळपास गेलेली. तरी सकाळी कॉलनीतली पोरं गोळा करून, मांडीवर पृथ्वीचा गोल घेऊन, बोटांनी चाचपत फुकट शिकवायचे. बोट ठेवतील तिथं देश बरोबर निघायचा. मला त्याचाही राग यायचा.

संध्याकाळी पाचला आमच्या बागेतल्या बाकावर वाचन चाले. पाच-सहा निवृत्त मंडळी, कुणाला दिसत नाही, कुणाला कंटाळा, म्हणून मी मोठ्यानं वाचायचं. मला काय, आयता प्रेक्षक! मी आवाज चढवायचा, उतरवायचा, बायकांचे संवाद नाजूक करायचे, आणि मध्येच बाकाच्या टोकावरून सरांचा काठीसारखा आवाज यायचा — "वाच. नाटक नको." रोज. अगदी रोज. एकदा माझ्या बायकोलाच म्हणाले, "आवाज चांगला आहे ह्याचा. बाकीचंही देवानं द्यायला हवं होतं." ती अजून हसते.

तर त्या उन्हाळ्यात मी ते पुस्तक काढलं. जगाला प्रदक्षिणा घालायची पैज लावणाऱ्या माणसाचं — नाव सांगत नाही, तुम्ही शाळेत असताना वाचलं असणार. ठरलेल्या दिवसांत निघाल्या जागी परत यायचं. आगगाडी, बोट, हत्ती, वादळ, मागावर पोलीस. बाक वेडा झाला! मोडनिंबहून मुलाकडे राहायला आलेले आमचे तात्या तर साडेचारलाच येऊन बसायचे. "आज कुटं पोचला गडी?" हाच नमस्कार.

शेवटाशी आलो. गृहस्थ घरी पोचतो आणि त्याला वाटतं, थोडक्यात उशीर झाला, पैज हरलो. मी तिथंच पुस्तक मिटलं. उरलेलं उद्या. प्रेक्षकाला टांगून ठेवायचं, हा आमचा धंदा.

तेव्हा सर हसले. क्वचित हसायचे.

"हरलेला नाही तो," म्हणाले. "पूर्वेकडे निघाला ना? सूर्याला सामोरा गेला. एका अंशाला चार मिनिटं वाचली. तीनशे साठ अंश करा. एक दिवस त्याच्या खिशात आहे. त्याला पत्ता नाही, एवढंच."

तात्या म्हणाले, "आन् न्हाय जिंकला तर, सर?"

"तर या जन्मात पुन्हा भूगोलाचा शब्द काढणार नाही."

"लई झालं की हे!" तात्या म्हणाले. पण सर ठाम होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. दिसत नव्हतं, तरी बरोबर माझ्याकडेच. "उद्या वाच. नाटक न करता."

मी ते पुस्तक आधी वाचलेलं होतं. सरांचं उत्तर मिनिटापर्यंत बरोबर होतं.

तुम्हाला आता कळलंच असेल. कळलंय ना? दुसऱ्या दिवशी मी शेवटचं प्रकरण उघडलं आणि त्यातला एक शब्दही वाचला नाही. मी रचलं. जागच्या जागी. तो माणूस अंधाऱ्या खोलीत बसून राहतो, त्याचे मित्र घड्याळाकडे बघून टाळ्या पिटतात, तो शरमेनं शहर सोडतो. पानं मात्र वेळच्या वेळी उलटली. आवाज सपाट ठेवला — नाटक नको म्हणाले होते ना! आयुष्यातला माझा सगळ्यात उत्तम प्रयोग तोच. दोन नाट्यस्पर्धांची बक्षिसं आहेत घरात, पण त्या संध्याकाळची सर कशालाच नाही.

सरांनी एकदाच थांबवलं. "तारीख पाहिली का त्यानं?"

"पाहिली, सर," मी पानात बघत म्हणालो. "वर्तमानपत्रात पाहिली. त्यानं मोजली होती तीच निघाली."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "गेलं की सर तुमचं गणित! पोरांना काय शिकवलं मग इतकी वर्षं?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी पुस्तक मिटून, मान खाली घालून, अगदी दुःखी चेहऱ्यानं बसलो होतो. आतून नाचत होतो.

इथवर चेष्टा म्हणता येईल. मीही तेच म्हणत आलो. दोन दिवस गंमत बघू, मग सांगून टाकू — असंच ठरवलं होतं मी. खरंच ठरवलं होतं का? आता आठवून बघतो तर खात्री देता येत नाही.

सरांनी शब्द पाळला. सकाळची शिकवणी बंद. पोरं दाराशी आली, तर सुनेनं सांगितलं, "सरांना बरं नाही." बरं नव्हतं असं काही नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून बोटांवर चार-चार मोजायचे. पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी विसरायचा आजार झाला होता, तोही म्हणे आधी हिशेब चुकायला लागला. हे मला सूनबाईंनी जिन्यात सांगितलं. म्हणाल्या, "स्वतःच म्हणतात, माझं डोकं गेलं. डॉक्टरांकडे घेऊन जा म्हणतात. तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना? एकदा बोला की त्यांच्याशी."

मी गेलो. खोलीत आम्ही दोघंच. पृथ्वीचा गोल कपाटावर ठेवलेला, हाताला येणार नाही असा. मला वाटलं ओरडतील, टोमणा मारतील. त्यांनी टोमणा मारला असता तर — नको, ते नको. नाही मारला. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि शाळेत मुलं विचारतात तसं विचारलं, "तू नीट वाचलंस ना रे? तो हरलाच ना?"

एक वाक्य पुरेसं होतं. खोटं बोललो सर, तुम्ही बरोबर होतात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी गोल कपाटावरून खाली आला असता. मला हे तेव्हाही दिसत होतं. आणि मला वाटलं — आता तुम्हाला कळलं, वर्गासमोर उभं राहणं कसं असतं.

"हरलाच, सर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "मग माझंच चुकलं." आणि हात सोडला.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. शोकसभेत त्यांच्यावर मी बोललो. आवाज चांगला म्हणून मलाच सांगितलं सगळ्यांनी. लोक रडले.

त्या दिवशी त्यांच्या घरातून निघालो, जिना उतरून रस्त्यावर आलो. मला बरं वाटत होतं. शीळ वाजवत घरी गेलो.