लाल चिंध्यांची वाट

जंगलू कुमरेला पहाडात वाट चुकताना कोणी पाहिलं नाही. मी तर पस्तीस वर्षांपासून पाहते आहे त्याला. पहाडाच्या पायथ्याशी, समुद्रपूरची बस थांबते तिथेच माझं किराणा दुकान आहे. डोळे बांधून कुठेही सोडा, जेवायच्या वेळेला घरी हजर, असा हा माणूस. तोच एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, मले भूल पडून राह्यली."

म्हटलं, झालं! आता सूर्य पश्चिमेला उगवायचा राहिला.

त्याचं असं झालं होतं. दिवाळीच्या आधी वनखात्याचे एक नवे, तरुण साहेब आले. शहरातल्या लोकांना चालण्यासाठी पहाडावर वाट आखायची म्हणे, पायथ्यापासून वरच्या सपाट खडकापर्यंत. तिथून तलाव दिसतो, कपाशीचं सगळं रान दिसतं. मला हसूच आलं. आमच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन तोच पहाड उतरतात, त्यांना कोणी पाणी विचारत नाही. आणि हे लोक हौसेने चढणार!

पण जंगलूचा चेहरा फुलला होता. वाट आखायचं काम साहेबांनी त्यालाच दिलं होतं. चाचणी नीट झाली, तर ती वाट राखायचं बारमाही काम त्याचं. बारमाही म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला, शकुबाईला विचारा. दर वर्षी कापूस निघाला की दोघं घराला कुलूप लावून हिंगणघाटच्या जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरीला जातात, ते उन्हाळ्यात परततात. तिथली रुई शकुबाईच्या छातीत बसते. खोकून खोकून जीव जातो बिचारीचा. "औंदा जा नाई लागत बाई," असं ती मला दोनदा सांगून गेली. एकदा तेल न्यायला आली तेव्हा, आणि एकदा नुसतं तेवढंच सांगायला.

साहेबांची अट एकच. चाचणीच्या दिवशी पाहुणे आपले आपण चालणार, खुणा पाहून. जंगलूने मागून यायचं आणि तोंड उघडायचं नाही.

खुणेसाठी साहेबांनी प्लास्टिकच्या फिती दिल्या होत्या. त्या माकडांनी आठ दिवसांत फाडल्या. दगडाला, झाडाला रंग लावायचा नाही, असा साहेबांचा दंडक. मग जंगलू माझ्याकडे लाल कापड घ्यायला आला. मी पुडकं बांधून दिलं. माझी गाठ सगळ्या गावाला माहीत आहे, दोनदा फिरवून शेपूट आत. "बाई, तुमची गाठ सुटत नाई, दातानं तोडा लागते," तो दर वेळी म्हणायचा. तेव्हाही म्हणाला. त्या कापडाच्या चाळीस चिंध्या फाडून त्याने चाळीस झाडांना बांधल्या, आणि पंधरा दिवसांत त्याला भूल पडली.

"चाळीस बांधलो होतो बाई. आज मोजलो तं साठाच्या वर. म्याच बांधलो अन् म्याच भुललो का? माह्या बापाचंही शेवटी असंच झालतं."

मी म्हटलं, "काऊन रे, माकडं बांधून राह्यले का?" तो हसला नाही. तेव्हा मलाही कसंतरी झालं.

उलगडा झाला तो डोमाजीमुळे. डोमाजी म्हणजे टोल्यावरचा, जंगलूच्या वस्तीवरचा, सर्वांत म्हातारा माणूस. आमच्याकडे जंगलाच्या वाटेवर चिंध्यांचा देव असतो. झाडाला चिंधी दिसली की जाणाऱ्याने आपलीही एक बांधायची, हात जोडायचे, चालू लागायचं. आमचा देव जुन्या बेहड्याच्या झाडात होता. रस्ता रुंद झाला तेव्हा बेहडा गेला, आणि तेव्हापासून देव कुठे आहे हे कोणालाच धड माहीत नव्हतं. डोमाजीने पहाडावर लाल चिंध्यांची रांग पाहिली आणि टोल्यावर सांगितलं, "देव जागा पाहून राह्यला."

झालं! जो तो देवाला आपल्या बाजूला बोलवायला लागला. टोल्यावरच्या बायांनी आपल्या पाणवठ्याकडे चिंध्या बांधल्या, गुराख्यांनी आपल्या चराईकडे. पहाडभर लालच लाल.

"मंग सोडून टाक ना त्या," मी जंगलूला म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगितली. "लोकाइनं देवाले बांधलेली गाठ म्या सोडू? अन् आता माही कोणती अन् देवाची कोणती, मलेच समजून नाई राह्यलं."

आता माझं सांगते. हे सांगायला जीभ रेटत नाही. मला सगळं ठाऊक होतं. कापड माझ्याच दुकानातलं, देवबीव काही नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी हिंगणघाटची, दहावी शिकलेली. पण माझा मुलगा धर्मेंद्र वर्ध्याला बोरगाव मेघेत राहतो. दोन वर्षं झाली, सुनेवरून माझ्याशी भांडून गेला तो या उंबऱ्यावर आला नाही. रोज बस थांबते, रोज मी मान वर करून पाहते. एक दिवस दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बांबूच्या बेटापासून माझ्या परसदारापर्यंत सात चिंध्या बांधून आले. काऊन बांधल्या? मला अजूनही नीट सांगता येत नाही. बांधताना रडले, एवढं आठवते.

चाचणीच्या रविवारी नागपूरचे अकरा जण आले. साहेब वर खडकावर जाऊन थांबले. पाहुणे चिंध्या पाहत निघाले, मागून जंगलू, तोंड बंद. आधी ते पाणवठ्यावर गेले. तिथून चराईवर. तिथून बांबूच्या बेटाशी. आणि बारा वाजता, मी तांदूळ निवडत होते, तर परसदारातून एकामागून एक अकरा माणसं आत आली. घामाघूम. एकाने विचारलं, "मावशी, खडक कुठे आहे?"

मी काय सांगणार, बाप्पा! सगळ्यांना चहा दिला.

साहेब तासाभराने उतरून आले. ते चिडले नव्हते, गोंधळले होते. "जंगलू, या एवढ्या चिंध्या कोणी बांधल्या?"

जंगलूने जमिनीकडे पाहिलं. "म्याच बांधलो, साहेब. भुललो."

मी तिथेच उभी होते, हातात किटली घेऊन. तोंड उघडायचं म्हटलं असतं तर उघडता आलं असतं. मी कप गोळा केले.

आता वाटेवर लोखंडी पाट्या लागल्या आहेत आणि राखायला दुसरा माणूस आहे. पाट्या लागल्यावर साहेबांनी खाली पडलेल्या चिंध्या तेवढ्या उचलायला लावल्या.

काल जंगलू आणि शकुबाई गाठोडी घेऊन बसची वाट पाहत होते. औंदा जिनिंगला जायला महिनाभर उशीर झाला होता. शकुबाई आतापासूनच पदर तोंडाला लावून बसली होती. जंगलू ओट्यावर आला, घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"घराकडे लक्ष ठेवजा, बाई."

"ठेवते."

तो जायला वळला, मग थांबला. "धर्मेंद्र आला का मंग?"

"नाई," मी म्हटलं.

"येईन तो. त्या सातही जागच्या जागी हायेत, बाई. सुटत नाईत." आणि बस आली म्हणून तो शकुबाईचं गाठोडं उचलायला गेला.