तोंडानं पाणी मागेपर्यंत

आमच्या दोंडाईच्यात अजूनही कुणाच्या घरी लकवा झाला की चार-आठ दिवसांत माणूस माझ्या दारात येतो. "काकू, तुम्ही तर सगळं करून पाहिलंय. सुयांनी खरंच गुण येतो का हो? आणि ती सातपुड्याची जडी?" मी त्यांना बसवते, चहा टाकते. मला माहीत नाही म्हटलं की त्यांना वाटतं, म्हातारी खडूस आहे, ठाऊक असून सांगत नाही. खडूस मी आहेच, पण हे मला खरोखर माहीत नाही.

माझे मिस्टर मार्केट यार्डात मिरचीचे लिलाव पुकारायचे. लाल ढिगांमधून चालताना व्यापारी नाकाला रुमाल लावायचे, शिंकून बेजार व्हायचे, आणि हे मात्र भर ठसक्यात एका दमात भाव पुकारत पुढे जायचे. त्यांचा आवाज स्टेशनापर्यंत जातो असं लोक म्हणत. लोक जरा वाढवूनच सांगतात, पण आमच्या गल्लीच्या टोकाला तो मी स्वतः ऐकलेला आहे. घरी आले की मात्र अगदी हळू बोलायचे. दिवसभराचा आवाज तिकडेच खर्च होतो म्हणायचे. मी प्राथमिक शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवत होते, म्हणजे घसा फोडून मीही यायचे. मग संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात जवळजवळ कुजबुजत बसायचो.

ही नव्वदच्या थोडी आधीची गोष्ट. सकाळी ओट्यावर चूळ भरताना त्यांच्या हातातून तांब्या निसटला. मी आतूनच ओरडले, "चेपलाच असेल आता तो!" उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले, तर ते ओट्याखाली पडलेले आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली.

जीप करून धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हातापायाचे व्यायाम दाखवले आणि म्हणाले, "मेंदूतली रक्ताची गाठ आहे. पहिल्या काही महिन्यांत जे परत यायचं ते हळूहळू आपोआप येतं. वाचेचं नक्की सांगता येत नाही." भला माणूस होता, पण त्याचा तो 'आपोआप' आमच्या घरात कुणालाच गिळवला नाही. आपोआप गाजरगवत उगवतं. माणूस आपोआप कसा बोलेल? सासूबाई जीपमध्ये सगळ्या रस्ताभर एकच म्हणत होत्या, "कोनी तरी नजर लागनी मना पोऱ्याले."

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही आणि रिकाम्या तोंडानंही येत नाही. केळी आणतो आणि औषध सांगतो. सांगितलेल्या औषधाला नाही म्हणायचं नाही, तो त्या घराचा अपमान. मग कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते चोळलं. कुणी लसणाचं दूध सांगितलं, ते पाजलं. कुणाच्या पथ्यात वांगं बंद, कुणाच्या पथ्यात दूध बंद, आणि भेटीला आलेली केळी तर दोघांच्याही पथ्यात बंद, ती मी शाळेत पोरांना वाटायची. भरताशिवाय ज्याचा हिवाळा सरत नव्हता त्याला मी अळणी खिचडी भरवत होते. ती अर्धी ओठातून बाहेर यायची.

मी शिकलेली बाई, असं कुणी म्हणेल. शिकलेल्या बाईला नवरा गप्प झाल्यावर काय होतं ते शिकवलेलं नसतं. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. शिवी दिली असती तरी मी पेढे वाटले असते. शाळेतून आले की त्यांच्यासमोर बसायची आणि पहिलीच्या पोरांना सांगावं तसं सांगायची, "माझ्या तोंडाकडे बघा. पा. पा-णी." ते बघायचे, जबडा हलायचा, आणि "आ... ता..." असं काहीतरी यायचं. मग मान फिरवायचे. मी पुन्हा त्यांची हनुवटी धरून वळवायची. आता आठवलं की माझाच मला राग येतो, पण तेव्हा मी बुडत होते आणि दिसेल ती काडी धरत होते.

सुयांचं मला माझ्या माहेरी, जळगावला कळलं. एका घराच्या माडीवर एक तरुण डॉक्टर बसायचा. भिंतीवर माणसाच्या अंगाचा तक्ता आणि त्यावर मुंगळे लागावेत तसे ठिपके. सुट्टी लागताच मी यांना दोन माणसांच्या खांद्यावर पॅसेंजरमध्ये चढवलं आणि माहेरी जाऊन राहिले. रोज माडीच्या जिन्यावरून त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचं. डॉक्टर डोक्यात, हातात, कानामागे, हनुवटीखाली बारीक सुया टोचायचा. मग एका छोट्या पेटीतून वायरी काढून त्यांचे चिमटे सुयांना लावायचा आणि बटण फिरवायचा. पहिल्या दिवशी उजव्या हाताचं बोट टिकटिक हललं. मी भर दवाखान्यात रडले. बटण बंद झालं तसं बोटही बंद झालं. ते मी पाहिलं, मला कळलंही, तरी घरी सांगताना मी एवढंच सांगितलं की बोट हललं.

तो लबाड नव्हता. तिथे कंबरदुखीची एक बाई यायची, ती वाकून चालत आलेली आणि सरळ चालत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. ती म्हणायची, "विश्वास ठेवा, ताई." मी विश्वास ठेवायला एका पायावर तयार होते. हनुवटीखालची सुई जाताना यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टर म्हणायचा, "वहिनी, संवेदना जागी आहे, हे चांगलं लक्षण आहे." मग मीही ते पाणी चांगलं लक्षण म्हणून पुसायची.

सुट्टी संपण्याआधी जेठांनी आम्हाला परत बोलावलं. जेठ म्हणजे यांचे थोरले भाऊ. त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एका बाबाचं मूळ आणलं होतं. बाबा काही घेत नसे, फक्त गुण आला की नारळ फोडायचा. मुळाचं नाव सांगत नसे, सांगितलं की गुण जातो म्हणे. रविवारी सकाळी ते सहाणेवर उगाळायचं आणि रोग्याच्या जिभेला चोळायचं. पुढे पाणी द्यायचं नाही. रोगी तोंडानं पाणी मागेल तेव्हाच द्यायचं. सूर्य डोक्यावर आला आणि मागितलं नाही, तर त्या दिवसाचं औषध वाया गेलं समजून पाणी द्यायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा करायचं.

मूळ किती तिखट होतं ते पाहायला मी बोटभर चाटून पाहिलं. जीभ आधी जळली, मग बधिर झाली आणि तोंडातून लाळेची धार लागली. मिरचीच्या बाजारात आयुष्य गेलेला माणूस पहिल्या रविवारी त्या मुळानं विव्हळला. वैशाखाचा महिना होता, खानदेशातला. सकाळीच भिंती तापायच्या. ते डाव्या हातानं माठाकडे बोट दाखवायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा माठाकडे. मी पेला भरून त्यांच्यासमोर धरायची आणि म्हणायची, "मागा. एकदाच मागा. पाणी म्हणा." सासूबाई देवापुढे बसायच्या, जेठ दारात खुर्ची टाकून. तो रविवार वाया गेला, पुढचाही गेला. दुपारी पाणी दिलं की ते पेला दातांनी धरायचे.

तिसऱ्या खेपेला ऊन जास्तच होतं. मूळ चोळून झालं. त्यांनी माठाकडे बोट दाखवलंच नाही. मी पेला घेऊन समोर बसले. "पाणी म्हणा," मी म्हटलं. "अहो, मी तुमच्या पाया पडते. पाणी म्हणा." माझा आवाज चिरकला. ते माझ्याकडे बघत राहिले, ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि स्वच्छ शब्द बाहेर पडला.

"नको."

जेठ खुर्चीवरून उठले ते उडी मारूनच. "बोलना! मना भाऊ बोलना!" सासूबाईंनी कपाळ जमिनीला लावलं. गल्लीतली माणसं जमा झाली. कुणी नारळ आणायला पळालं. जळगावला फोन लावला, तर सुयांचा डॉक्टर म्हणाला, परिणाम असाच उशिरा दिसतो. गोळ्या घ्यायला कुणी धुळ्याला गेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, मी म्हटलंच होतं. कबुतरवाल्याचाही निरोप आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, आणि इथे तर फांदीवर चार कावळे होते. मी मात्र पेला हातात धरून तिथेच बसले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तहानलेला माणूस पाणी नको म्हणाला होता, आणि सगळं घर आनंदानं नाचत होतं.

संध्याकाळी पुढचं ठरलं. मूळ आता रोज चोळायचं, आणि सोबत जळगावच्या सुयाही. जेठ सासूबाईंना म्हणाले, "माय, आते सोडानं नही. गुन येवाले लागना शे."

आमच्यात सुनेनं जेठाशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंच्या मार्फत, डोक्यावर पदर घेऊन. त्या दिवशी मी तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ते नको म्हणताहेत, भाऊ," मी म्हटलं. "इतके महिने त्यांना हेच सांगायचं होतं. आता काही करायचं नाही."

जेठ माझ्याकडे बघेनात. आईलाच म्हणाले, "तिले सांग, तो नुसता शब्द शे. त्याले काही अर्थ नही. आज 'नको' उना, उद्या 'पानी' यी."

मी ऐकलं नाही. सहाण धुऊन टाकली, मूळ चुलीत घातलं. धुळ्याच्या गोळ्या आणि व्यायाम तेवढे ठेवले. जेठांनी आमच्या घरी येणं सोडलं. सासूबाई माझ्या हातचं जेवत होत्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. मला वाटत होतं, मी एकटीनं यांचं ऐकलं. जगात तेव्हा मला एवढाच आधार होता.

तो काही दिवसांनी सुटला. मी चहा घेऊन गेले. "घेताय ना?" म्हटलं. "नको," ते म्हणाले आणि डावा हात पुढे करून कप घेतला. मला वाटलं, गंमत करताहेत. भात वाढू? नको. आणि ताट पुढे ओढलं. खिडकी लावू? नको. आणि मी लावली नाही तर रागावले. शाळेतले गुरुजी भेटायला आले, कसं काय विचारलं, त्यांनाही हसून नकोच म्हणाले. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे जेठ म्हणाले तेच खरं होतं. किंवा पहिला नको खरा होता आणि नंतरचे नुसतेच आवाज होते. किंवा त्या मुळात, त्या सुयांत थोडा गुण होता आणि आणखी थोडा येणार होता, तो मी चुलीत घातला. किंवा कशातच काही नव्हतं, यायचं तेवढं आपोआप आलं आणि तिथे संपलं. रात्रंदिवस मी हे उलटसुलट करत राहिले. विचारायला एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे एकच शब्द होता.

ते पुढे बरीच वर्षं जगले. काठी घेऊन अंगणात यायला लागले. दुसरा शब्द आला नाही. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले होते. यार्डातून मिरचीच्या लिलावाचा दुसऱ्या कुणाचा तरी आवाज वाऱ्यावर आला. ते कान देऊन ऐकत होते आणि त्यांचे ओठ भाव पुकारल्यासारखे हलत होते. मला राहवलं नाही. मी त्यांचा हात धरून विचारलं, "मी सगळं बंद केलं. चुकले का हो मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, त्यांचेही आणि माझेही. बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मी जीव मुठीत धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नको," ते म्हणाले.