तुळशीरामजींचे कमावलेले हसू

तुळशीरामजी पडूळ यांच्याशी माझा परिचय झाला तो माझ्या चुकीमुळे. पंचवीसएक वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावात तरुण मंडळाने त्यांचा विनोदी एकपात्री प्रयोग ठेवला होता. प्रास्ताविक माझ्याकडे होते. धावडा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी गोवरात दोन्ही डोळे गेलेले, तरीही लोकांना हसवायला निघालेला! एवढे हाताशी आल्यावर मी थांबतो कशाला? वीस मिनिटे बोललो. बायाबापड्या पदराने डोळे पुसू लागल्या आणि मी समाधानाने खाली बसलो.

तुळशीरामजी उभे राहिले. पहिला विनोद पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला कोणी तरी "अरेरे" म्हणाले. त्यांच्यासाठी तो प्रयोग साधा नव्हता. आंधळ्याने भजन म्हणावे, असे वडिलांसकट सगळ्यांचे मत होते. तो फसला असता तर घरी भजनाची पेटी वाट पाहत होती.

त्यांनी ठरलेला पुढचा विनोद सोडून दिला. मग म्हणाले, "मंडळी, सर बोलून राह्यले व्हते तवा मलाबी लई रडू आल्तं. मंग ध्यानात आलं, हे तर माझ्याबद्दलच चालू हाय!"

बायकांच्या बाजूने एक म्हातारी फिसकन हसली. शेजारीण तिला दटावू लागली, "गप वं, पाप लागंल."

"हसा मावशी, बिलकुल हसा," तुळशीरामजी म्हणाले. "पाप सरांना लागू द्या."

हशाने मंडप कोसळला. तो पुढे तासभर सावरला नाही.

प्रयोगानंतर मी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "सर, हळहळणारा माणूस हसत न्हाई. तुमचं भाषण बराबर व्हतं, पण ते मी मेल्यावर करा."

मी आयुष्यभर अन्यायाविरुद्ध बोलत आलो. दया हाही अन्याय असू शकतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. ज्याच्यावर आपण दया करतो, त्याला आपण कधीच बरोबरीचे मानत नाही.

तुळशीरामजींची मेहनत मी पुढे जवळून पाहिली. मंठ्याला प्रयोग असला की ते सकाळीच जाऊन बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसत. भावावरून हुज्जत घालणारे, फुशारक्या मारणारे, सारे कानात साठवत आणि संध्याकाळी त्या गावाला त्याचाच आवाज ऐकवत. व्यासपीठाची कड पायाला कळावी म्हणून सतरंजीखाली सुतळी स्वतः ताणून ठेवत. गरिबाच्या फजितीवर मात्र त्यांनी कधी हशा घेतला नाही. एका आयोजकाने गावातल्या तोतऱ्या गड्याची नक्कल करा म्हणून गळ घातली, तर म्हणाले, "त्यापेक्षा तुमची करतो. बसा समोर." आणि केली!

माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली, महिनाभर बोलणे बंद होते. भेटायला येणारे सुस्कारे टाकत. तुळशीरामजी रोज दुपारी येत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर गप्प झाले! जिल्ह्याला जरा इसावा भेटला." टाके दुखेपर्यंत मी आवाज न करता हसलो. त्या महिन्यात मला आजारी न समजणारे ते एकटेच होते.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, कान तल्लख आणि पाय धडधाकट राहोत, नवे नवे प्रयोग घडोत. आणि एखादा विनोद फसलाच, तर तोंडदेखले न हसता खुशाल गप्प बसण्याइतका मान आपण सारे त्यांना देत राहू.