चांगोच्या मीटरवरची हळद

पळसदरीच्या त्या आळीत वीज पहिल्यांदा आली ती चांगोच्या घरात. तेव्हापासून आळीत कुणाचीही हळद असो, मांडवाची वायर चांगोच्याच घरातून जायची. जन्मभर भातशेती केलेला, चारचौघांत मागे उभा राहणारा माणूस. पण मांडवात दिवे लागले की लोक म्हणत, "चांगोकाकाची लाईट हाय," आणि तेवढ्यावर तो पुढच्या लगीनसराईपर्यंत खूश असे.

म्हणून पुतण्या संतोष दारात येऊन म्हणाला, "काका, माझ्या पोरीच्या, जागृतीच्या हळदीला वायर टाकतो रं," तेव्हा चांगोची मान सवयीनं हलली. हलली आणि मग नजर आतल्या खोलीकडे गेली.

घरात दोन नव्या वस्तू आल्या होत्या. एक, आतल्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन. बायकोची, येसूबाईची फुप्फुसं थकल्यापासून ते सतत घरघरत असे आणि त्याची नळी तिच्या नाकाला लावलेली. दुसरा, ओट्याच्या भिंतीवरचा स्मार्ट मीटर. सून संजना त्याची करामत मोबाईलवर दाखवायची.

"हे बघा बाबा, अर्ध्या अर्ध्या तासाला किती वीज जळली ते दिसतं. लाईट गेली तर ऑफिसात आपोआप कळतं. आणि मंजूर भारापेक्षा जास्त ओढली, तर मीटर स्वतःच बंद होतो. थोड्या वेळानं स्वतःच चालू होतो."

"माणूस येत नाय?"

"माणूस कशाला?"

हेच चांगोच्या मनात रुतून बसलं. माणूस असता तर हातापाया पडता आलं असतं.

तो रोज संतोषच्या अंगणात जायचा, "अरं संतोष..." म्हणायचा, आणि "बांबू घट्ट बांध" एवढंच सांगून परत यायचा. संजना म्हणाली, "मी सांगू का?"

"नको गं. लग्नघर हाय. मी सांगतो."

येसूबाईला तर त्यानं काही कळूच दिलं नाही.

हळदीच्या संध्याकाळी त्यानं घरातला फ्रीज, पंखा, दिवे सगळं बंद केलं आणि मीटरखाली बसला. संजना मोबाईल घेऊन शेजारी. मांडव उजळला. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. मग पाहुण्यांना उकडायला लागलं आणि कुणीतरी कूलर लावले. आचाऱ्यानं मसाल्याचा मोठा मिक्सर फिरवला.

"बाबा, भार वाढतोय. आता तरी जा."

चांगो उठला, पायरी उतरला, मांडवातली गर्दी बघून थबकला.

टक्.

मांडवात अंधार आणि आत मशीनची किंचाळी. संजना धावली. तिनं कोपऱ्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ओढून नळी त्याला जोडली, पण त्याचा काटा तळाशी आला होता. चांगोनं संतोषची वायर उपसून काढली. तरी मीटर गप्पच. "हो ना रं चालू," तो भिंतीसमोर हात जोडून म्हणाला. आत येसूबाई खोकत होती. खोकला थांबला तेव्हा तो जास्तच घाबरला.

पुन्हा टक् झालं. मशीन घरघरू लागलं.

तेवढ्यात गालाला हळद लागलेला संतोष आला. "काका! मुंबईचे पाहुणे अंधारात बसलेत. वायर काढलीस? नाक कापलंस माझं!"

चांगोनं आतल्या खोलीकडे हात केला. मग आवाज फुटला. "तुझी काकी त्या मशीनवर जगते, संतोष. तुझे कूलर लागले आणि तिचा वारा बंद झाला. वायर देत नाय मी."

संतोषनं आत डोकावून पाहिलं. खाटेवरची काकी, ती नळी. त्याचा चेहरा उतरला.

"मंग आधी का नाय बोललास? मी काय कसाई हाय?"

तो वायर कोपरावर गुंडाळत निघाला आणि लांबूनच ओरडला, "कुणीतरी चौक गावात फोन करा रं, जनरेटर मागवा!" मांडवात बायका मोबाईलच्या उजेडात नवरीला हळद लावत होत्या.

आतून येसूबाईचा बारीक आवाज आला. "आवं, इतके दिस घाबरत बसलात? मला इचारलं असतंत तर मीच त्याला ‘नाय’ बोलले असते. तुमाला जमत नाय ते मला जमतं."

चांगोला हसू आलं, पण नीट आलं नाही. तो तिच्या खाटेपाशी खाली बसला. कान मात्र मशीनच्या घरघरीकडेच होते.