राजाच्या गालावरची चीर

आमच्या गल्लीतल्या जुन्या नाण्यांच्या दुकानदारांना सगळे भिंगवाले म्हणत. डोळ्याला भिंग लावून ते नाण्यावरची रेघ नखाने चाचपत. रेघ नखाला उंच लागली, तर टाकसाळीतला ठसाच तडकलेला. अशा नाण्याला हौशी माणसं चढा भाव देतात. खोल लागली, तर नुसता ओरखडा. घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत जाते; तसलं नाणं त्यांनी कधी विकलं नाही. त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून नाणी घेत.

त्यांची पत्नी जाऊन महिना झाला नव्हता. ते रोज दुकान उघडत, मुलीने वाढलेलं जेवत. रडताना कुणी पाहिलं नाही.

राजाच्या गालावर चीर असलेल्या एका नाण्यासाठी दातांचे डॉक्टर कित्येक वर्षं मागे लागले होते. पत्नीच्या आजारपणातच भिंगवाल्यांनी त्यांना होकार कळवला होता. डॉक्टर ते घ्यायला आले तेव्हा भिंगवाल्यांची मुलगी आणि मी दुकानातच बसलो होतो.

“काढा राजाला बाहेर. गाल सुजलाय का बघू.”

पुडी उघडली, तर नाणं लख्ख! अक्षरांच्या खाचांत पांढरी भुकटी.

डॉक्टरांनी वास घेतला. “अहो, ही तर दात घासायची पावडर! हा पराक्रम कुणाचा?”

कपाटाची दुसरी किल्ली फक्त पत्नीकडे असे. डॉक्टर येणार म्हणून तिने अंथरुणात बसून नाणं घासून सजवून ठेवलं होतं.

मुलगी म्हणाली, “बाबा, आईने तर—”

“मी घासलं,” भिंगवाले म्हणाले.

“तुम्ही?” डॉक्टर म्हणाले. “आम्हाला कधी फडकं लावू दिलं नाहीत!”

“घासलं खरं.”

“मग यापुढे तुमच्या शब्दावर मी काय घ्यायचं?”

“नका घेऊ.”

डॉक्टर निघून गेले. मुलगी चिडली. “खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“ते तिला हसले असते.”

“पण इतक्या वर्षांत आईला एवढंही कळू नये?”

“हात लावू नकोस, एवढंच म्हणायचो मी. का, ते कधी सांगितलं नाही.”

त्यांनी पुडीवर ‘घासलेलं’ असं लिहिलं आणि ती स्वस्त मालाच्या ताटलीत टाकली. मुलीने नाणं उचललं.

“कडेने धर,” ते म्हणाले. मग गिऱ्हाइकाला सांगावं तशा सपाट आवाजात सांगू लागले: हा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, ती नाण्याची कातडी, एकदा गेली की पुन्हा तशी येत नाही. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, तरी ते सांगतच होते.