स्विच, सेव्ह अन् गिरी सर

आमच्या लाईनीत किस्से शोधावे लागत नाहीत. नांदेडहून लातूरला साईटवर निघालो की लोहा येईपर्यंत दोन होतात, अहमदपूरला चहा घेताना तिसरा निघतो. आम्ही तिघं: गिरी सर, धर्माबादचा बालाजी आणि मी. कॉलेजं, दवाखाने, दालमिलमध्ये नेटवर्कचे स्विच बसवायचे अन् ते रुसले की मनवायचे, हे आमचं काम.

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे बरं का! ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्या डब्याला जोडतात, तो. त्याला आपण जे शिकवतो ते नुसतं डोक्यात राहतं. 'सेव्ह' केलं तरच लाईट गेल्यावर टिकतं. निम्म्या किस्स्यांचं मूळ इथंच आहे.

*

लातूरच्या एका दालमिलमध्ये बालाजीनं सकाळपासून बसून सेटिंग लावली. ऑफिस, वजनकाटा, कॅमेरे, सगळं चालू. शेठ खूश! म्हणाले, "जनरेटरवर चालतंय का बघू," आणि स्वतःच्या हातानं मेन खाली ओढला.

स्विच परत उठला तो कोरा करकरीत. खोक्यातून काढल्यासारखा. बालाजीनं सेव्ह केलंच नव्हतं.

"काय, पास का?" शेठनी विचारलं.

"तुमचा जनरेटर पास झाला शेठ," बालाजी पुन्हा खुर्चीत बसत म्हणाला, "मी नापास!"

*

नायगावच्या एका कॉलेजात साळुंकेकाका क्लार्क आहेत. लई गोड माणूस. मी फोनवरून सांगत गेले, ते टाईप करत गेले.

"काका, सेव्ह केलं ना?"

"हाव, केलं की!"

दुसऱ्या दिवशी लाईट जाऊन आली अन् स्विच कोरा.

"काका, सेव्ह केलं म्हणालात ना?"

"केलंय न ताई! मोबाईलमधी फोटो काढून ठेवलाय."

फोटो मागवला. खरंच सगळ्या ओळी होत्या, फक्त एकीवर काकांचा अंगठा आला होता. "काका, अंगठ्याखाली काय होतं?"

फोनवर खुडबुड ऐकू आली. मग आवाज आला, "ताई, आत्ता अंगठा उचलून बघितला. खाली काहीच न्हाई!"

*

एका दवाखान्यातल्या स्विचमध्ये बालाजीनं नवं सॉफ्टवेअर टाकलं. पण कितीदा बंद-चालू केला तरी स्विच आपला जुन्यावरच उठायचा. म्हातारे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. "काय होऊन राहिलंय?"

"डॉक्टरसाहेब, आत दोन फायली आहेत, जुनी अन् नवी," गिरी सरांनी सांगितलं. "उठल्या उठल्या कुणाचं तोंड बघायचं, ते ह्याला सांगायचं राहिलं."

सरांनी एक ओळ टाकली, सेव्ह केलं, आणि स्विच नव्यावर उठला. डॉक्टर थक्क! "अशी ओळ माणसाला टाकता येते का हो?"

आतल्या केबिनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "कुणाचं तोंड बघायचंय?"

*

लांबच्या स्विचला हात लावायच्या आधी टायमर लावायचा, हा सरांचा नियम. चुकून आपलाच तिथवरचा रस्ता तुटला तर वेळ संपताच स्विच आपोआप रिस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. बालाजीनं नांदेडात बसून उदगीरचं काम केलं. काम झालं, पण सेव्ह करायचं आणि टायमर काढायचा, दोन्ही विसरला. अन् वर ग्राहकाला फोन! "झालं साहेब, एकदम ओके!"

तिकडून उत्तर आलं, "तुमी ओके म्हणायला अन् बंद पडायला! परत ओके म्हणू नका."

*

लातूरला दोघा भावांनी मिळून कोचिंग क्लास काढला होता. मग बिनसलं. धाकट्यानं समोरच्या गल्लीत वेगळा क्लास टाकला, आणि स्विचचा पासवर्ड त्याच्यापाशीच राहिला. थोरल्यांना नव्या हॉलसाठी लाईन जोडायची होती. पण दोघांत बोलणं बंद.

"तोडा तो पासवर्ड," थोरले आम्हाला म्हणाले. "मी काही त्याला फोन करणार न्हाई."

हे काम आम्हाला नवं नाही. स्विचचं एक बटण दाबून धरून तो चालू केला की तो सेटिंग न वाचताच उठतो, पासवर्ड विचारतच नाही. मग नवा पासवर्ड टाकायचा, बाकी सगळं जागच्या जागी. बालाजीचं बोट बटणावर गेलंही होतं.

"हात काढ," गिरी सर म्हणाले. मग थोरल्यांकडे वळून गंभीर चेहऱ्यानं, "आमच्यानं हे होणार नाही. ज्यानं लावला त्यालाच बोलवावं लागेल."

बालाजीनं तोंड उघडलं. सरांनी त्याला चहा सांगायला खाली पाठवलं.

थोरले उठून खिडकीशी गेले. मग फोन लावला. "ये जरा. काम हाय." एवढंच बोलून ठेवला.

धाकटा पळतच आला, पायात चप्पल नाही! "काय झालं दादा? आई बरी हाय न?"

"बरी हाय. पासवर्ड टाक."

त्यानं मुकाट टाकला आणि जायला निघाला. थोरले त्याच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

"चहा येऊन राहिलाय," ते म्हणाले. "थांब."

तो थांबला. आमचं काम संपलं, आम्ही सामान आवरून निघालो, तरी दोघं आत बोलतच होते.

गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही. "सर, बटण दाबलं असतं तर लगेच झालं असतं की!"

गिरी सर सीटबेल्ट लावत म्हणाले, "कोणतं बटण?"